रिव्हर्ब पेटी दुरुस्त करताना व्हॉल्व्हआधी स्प्रिंग तपासा

अंधेरी, घाटकोपर, मुलुंड भागात अॅम्प्लिफायर दुरुस्त करणाऱ्या कारागिराकडे कधीतरी घरी बनविलेली, व्हॉल्व्हवर चालणारी रिव्हर्ब पेटी येते. तक्रार एकच असते : आवाज घुमत नाही, किंवा नुसती घूं-घूं येते. पुष्कळ मिस्त्री प्रथम व्हॉल्व्ह बदलतात. बंगलोरची भारत इलेक्ट्रॉनिक्स कंपनी पूर्वी व्हॉल्व्ह बनवीत असे. आता परदेशी मालावर अवलंबून राहावे लागते व तो महाग पडतो. दोष भलतीकडेच निघाला तर गिऱ्हाईकाचे पैसे आणि आपला भरवसा दोन्ही जातात.

अमेरिकेच्या फेंडर कंपनीने १९६१ साली अशी पेटी बाजारात आणली. घरगुती पेट्यांची रचना बहुधा तशीच असते. ड्रायव्हर व्हॉल्व्ह लहान ट्रान्सफॉर्मरमार्फत स्प्रिंगच्या एका टोकाची कॉइल चालवतो. स्प्रिंगमधून उशिरा आलेला आवाज दुसऱ्या टोकाची कॉइल पकडते आणि पुढचा व्हॉल्व्ह तो वाढवतो.

झाकण उघडण्यापूर्वी एक सावधगिरी. आत ३०० व्होल्टपेक्षा जास्त दाब असू शकतो आणि प्लग काढल्यावरही तो कंडेन्सरमध्ये राहतो. १० किलोओहम, ५ वॅटच्या रेझिस्टन्सने कंडेन्सर रिकामा करा, मीटरने खात्री करा, मगच हात घाला.

पहिली तपासणी फुकटची आहे. झाकण बंद असताना पेटी चालू करून हलकेच हलवा. स्पीकरमध्ये झणझणाट आला, तर स्प्रिंगपासून पुढचा भाग ठीक आहे. दोष ड्रायव्हर, ट्रान्सफॉर्मर किंवा पहिल्या कॉइलमध्ये शोधा. झणझणाट आला नाही, तर दुसरी कॉइल, तिची वायर व पुढचा व्हॉल्व्ह पाहा.

नंतर पेटी बंद करून, वायरी काढून, दोन्ही कॉइल मीटरवर मोजा. ८ ओहमच्या टाकीत पहिली कॉइल सुमारे १ ओहम आणि दुसरी सुमारे २०० ओहम दाखवते. मीटर हललाच नाही, तर केसासारखी तार तुटली असेल. पिनेजवळ तुटली असल्यास बारीक डाग मारून काम भागते. आपल्याकडच्या दमट हवेत पिना गंजतात, त्या आधी पुसून पाहा. टाकी बदलायची झाल्यास ओहम जुळणारीच घ्या; ६०० ओहमची टाकी ८ ओहमच्या ट्रान्सफॉर्मरवर नीट चालत नाही.

घूं-घूं येत असेल, तर टाकी फिरवून दुसऱ्या कॉइलचे टोक पॉवर ट्रान्सफॉर्मरपासून दूर न्या व तिथली वायर जाळीचीच वापरा. बऱ्याच वेळा एवढ्यानेच काम होते.

आवाज गढूळ वाटत असेल, तर एक सुधारणा करता येते. ड्रायव्हरच्या ग्रिडकडे जाणारा कंडेन्सर लहान करा. जाडा आवाज स्प्रिंगपर्यंत कमी पोहोचतो व शब्द स्पष्ट होतात. फेंडरच्या कित्येक अॅम्प्लिफायरमध्ये तो केवळ ५०० पिकोफॅरडचा असतो. नवा कंडेन्सर ६०० व्होल्टचा घ्यावा. लॅमिंग्टन रोडच्या बाजारात असे सुटे भाग मिळतात.

तेव्हा तपासणीची मजुरी आधी ठरवा, दोष गिऱ्हाईकाला दाखवा, आणि व्हॉल्व्हचा खर्च सर्वांत शेवटी सांगा.