धम्मयात्रेच्या बॅगेत ड्रोन? आधी कागद, मग उड्डाण

गेल्या हिवाळ्यात आमच्या शाहूपुरीतून लुंबिनीच्या यात्रेला एक गट गेला होता. सोबत मीही होतो. गोरखपूरहून केलेली बस सोनौलीच्या सीमेवर थांबली, सामान तपासणीला लागलं आणि एका तरुण कार्यकर्त्याच्या बॅगेतून ड्रोन निघाला. पोरगा मेहनती आहे. लग्नाच्या शूटिंगसाठी त्याने तो हप्त्यावर घेतलेला, १४ एप्रिलची मिरवणूकही त्यानेच वरून टिपलेली. "आपण बुद्धाच्या जन्मभूमीला चाललोय सर, तिथं आपल्याला कोण अडवणार?" असं तो घरून निघतानाच म्हणाला होता आणि मी हसून सोडून दिलं होतं. चूक तिथंच झाली. म्हाताऱ्या उपासिकांसह सगळी बस तीन तास थंडीत खोळंबली. शेवटी तो एका मित्राबरोबर गोरखपूरला परत गेला, ओळखीच्या लॉजवर ड्रोन ठेवला आणि दुसऱ्या दिवशी आम्हाला येऊन मिळाला. ड्रोन जप्त झाला नाही हे नशीब. त्याचे हप्ते अजून चालू आहेत.

बाबासाहेब १९५० साली श्रीलंकेला, १९५४ साली ब्रह्मदेशाला आणि १९५६ साली काठमांडूच्या बौद्ध परिषदेला गेले. त्या वाटेनं आज आपली पोरं जातात, यूट्यूब चॅनेल चालवतात, स्तूपांचे व्हिडिओ टाकतात. हे चांगलंच आहे. पण धम्म एक असला तरी देश वेगळा आणि कायदा वेगळा. सीमेवरचा अधिकारी तुमच्या गळ्यातला निळा रुमाल बघत नाही, कागद बघतो.

सगळ्यात जास्त फसवणारा आकडा म्हणजे २५० ग्रॅम. आपल्याकडे २०२१ च्या ड्रोन नियमांनुसार २५० ग्रॅमपर्यंतचा ड्रोन 'नॅनो' गटात येतो आणि हौसेसाठी तो उडवायला पायलटचा परवाना लागत नाही. म्हणून २४९ ग्रॅमचे ड्रोन इतके खपतात. पण ही सवलत तुमच्यासोबत विमानात बसत नाही. जपानमध्ये जून २०२२ पासून १०० ग्रॅम आणि त्यावरच्या प्रत्येक ड्रोनची नोंदणी सक्तीची आहे. थायलंडमध्ये ड्रोनला कॅमेरा असेल तर वजन कितीही असो, नोंदणी करावीच लागते. शिवाय किमान दहा लाख बाथचा विमा लागतो. आणि सगळे कागद असले तरी परिस्थिती बदलते. कंबोडियाच्या सीमेवर संघर्ष पेटला तेव्हा जुलै २०२५ मध्ये थायलंडने देशभर ड्रोन उडवण्यावर बंदी घातली. श्रीलंकेनेही एप्रिल २०१९ मधल्या ईस्टरच्या बॉम्बस्फोटांनंतर तेच केलं होतं. म्हणजे मागच्या वर्षी जाऊन आलेल्या मित्राचा सल्ला या वर्षी चालेलच असं नाही. निघण्याच्या आठवड्यात त्या देशाच्या नागरी विमान वाहतूक प्राधिकरणाचं संकेतस्थळ पुन्हा एकदा उघडा.

नेपाळमध्ये बाहेरून ड्रोन आणायचा तर गृह मंत्रालयाची आणि उडवायचा तर विमान प्राधिकरणाची परवानगी आधी घ्यावी लागते. लुंबिनीचं प्रकरण आणखी नाजूक. १९९७ पासून ते जागतिक वारसास्थळ आहे, मायादेवी मंदिराच्या आत साधा फोटो काढायलाही मनाई आहे, आणि जवळच भैरहवाला आंतरराष्ट्रीय विमानतळ आहे. तो २०२२ च्या बुद्ध पौर्णिमेला सुरू झाला. भूतानमध्ये पर्यटकाने पूर्वपरवानगीशिवाय ड्रोन नेण्याचा विचारच करू नये. म्यानमारबद्दल तर एवढंच सांगतो: २०१७ मध्ये तिथल्या संसदेजवळ ड्रोन उडवल्याबद्दल दोन परदेशी पत्रकार, त्यांचा दुभाषी आणि चालक अशा चौघांना दोन महिन्यांची शिक्षा झाली. चालकानं काय उडवलं होतं? तरीही तो आत गेला. आपल्यामुळे स्थानिक माणूस अडकतो, हे लक्षात असू द्या.

आता आपल्या बाजूचं. ड्रोनची बॅटरी चेक-इन बॅगेत टाकायची नाही, हातातल्या बॅगेत ठेवायची, टोकांना चिकटपट्टी लावून. १०० वॅट-अवरपर्यंतची बॅटरी चालते. १०० ते १६० मधलीला विमान कंपनीची परवानगी लागते. छोट्या ड्रोनची बॅटरी साधारण १८ वॅट-अवरची असते, त्यामुळे ती अडचण सहसा येत नाही. खरी अडचण परत येताना येते. ९ फेब्रुवारी २०२२ पासून भारतात तयार ड्रोनच्या आयातीवर बंदी आहे. तुमचा इथलाच ड्रोन परत आणतानाही 'तिकडून विकत आणला' असा संशय येऊ शकतो. म्हणून जाताना विमानतळावरच कस्टम्सकडून त्याच्या सिरीयल नंबरसह निर्यात प्रमाणपत्र करून घ्या, खरेदीची पावती जवळ ठेवा. आणि दुबईतल्या भावोजींकडून "स्वस्तात एक घेऊन या" असं सांगणाऱ्यांनी कृपया सांगू नये.

लंडनला जाणाऱ्यांना किंग हेन्रीज रोडवरचं बाबासाहेबांचं घर वरून टिपायचा मोह होतो. ती निवासी गल्ली आहे. ब्रिटनमध्ये कॅमेऱ्याच्या ड्रोनसाठी ऑपरेटर आयडी लागतो, आणि जवळची प्रिमरोझ हिलची टेकडी रॉयल पार्क्सच्या ताब्यात आहे. तिथे परवानगीशिवाय ड्रोन चालत नाही. खाली उभं राहून फोटो काढा, दारावरची निळी पाटी नीट दिसते.

कायदा झाला, पण मला जास्त बोलायचंय ते वागण्याबद्दल. थेरवादी देशांत बुद्धमूर्तीपेक्षा उंच बसत नाहीत, मूर्तीकडे पाय करत नाहीत, पाठ करून सेल्फी काढत नाहीत. २०१२ मध्ये श्रीलंकेत मूर्तीचं चुंबन घेतानाचे फोटो काढले म्हणून फ्रेंच पर्यटकांना शिक्षा झाली होती. तिथल्या माणसाला स्तूपाच्या माथ्यावर घोंघावणारं यंत्र कसं वाटत असेल? आपण मूर्तिपूजा मानत नाही हा आपला विचार, तो त्यांच्या अंगणात लादायचा नसतो. ध्यानाला बसलेल्यांच्या वर तो आवाज म्हणजे कानाशी भुंगा.

दुसरी गोष्ट संमतीची. आपल्या वस्त्या अनेकदा बाहेरच्यांनी येऊन, न विचारता टिपल्या आहेत: नळावरच्या बाया, उघडी गटारं, रडणारी पोरं. आपल्याला ते झोंबतं. मग दुसऱ्या देशातल्या विहारामागे चीवर वाळत घालणारे भिक्खू, आंघोळ करणाऱ्या श्रामणेरी आपण वरून का टिपायच्या? समाजशास्त्रात आम्ही शिकलो की बघणारा आणि बघितला जाणारा यांत सत्तेचं नातं असतं. ड्रोनमध्ये ते अगदी शब्दशः वर-खाली होतं.

म्हणून आधी विहाराच्या प्रमुख भन्तेंना भेटा. पंचांग प्रणाम करा, उद्देश सांगा, नाही म्हणाले तर वाद घालू नका. हो म्हणाले तर वंदनेची वेळ सोडून, गर्दी नसताना, बाजूने उडवा, माथ्यावरून नाही. व्हिडिओ टाकण्याआधी त्यांना दाखवा.

आमचा गट आता अनुराधपुरला जायची तयारी करतोय. श्रीलंकेत विमान प्राधिकरणाबरोबर संरक्षण मंत्रालयाचीही मंजुरी लागते, म्हणून तोच पोरगा दोन महिने आधीच पत्रव्यवहाराला बसलाय. उत्तर आलं नाही तर ड्रोन घरी ठेवायचा, हे बैठकीत ठरलं. परवा त्याने पत्राचा मसुदा दाखवला. सुरुवातीलाच आपण किती थोर कार्य करतो यावर अर्धं पान. ते काढायला लावलं. ड्रोनचं मॉडेल, वजन, सिरीयल नंबर, तारीख, जागा, उंची आणि किती मिनिटं, एवढंच ठेवलं.