पावतीवरची दोन अक्षरे आणि शाळेतली मराठी

सीमाभागात मराठीचा प्रश्न निघाला की पाट्या, उतारे, परिपत्रके आणि शाळांतील रिकाम्या जागा यांवर बोलणे होते. संगणकाच्या पडद्यावर कोणती भाषा दिसावी, हा विषय आमच्या समितीच्या एकाही बैठकीत कधी आला नव्हता. तो आला तो पैसे देऊन झाल्यावर.

गावच्या मराठी शाळेसाठी आम्ही माजी विद्यार्थ्यांकडून वर्गणी गोळा केली आणि शहरातल्या एका दुकानातून तीन लॅपटॉप आणले. पावतीवर ‘विंडोज ११ होम एस. एल.’ असे लिहिले होते. ही शेवटची दोन अक्षरे मॉडेलच्या नंबराचा भाग असतील, असे समजून आम्ही सह्या केल्या. शाळेत आणून मेनू मराठीत करायला बसलो, तर आपल्या परवान्यावर एकच प्रदर्शन भाषा चालते, अशा अर्थाची सूचना पडद्यावर आली. एस. एल. म्हणजे ‘सिंगल लँग्वेज’. एकच भाषा, आणि ती इंग्रजी.

दुकानदाराला फोन केला. तो म्हणाला, “गुरुजी, मराठी टायपिंग होतंय की! मग अडलंय कुठं?” त्याचे म्हणणे खोटे नव्हते, आणि घोटाळा नेमका इथेच होतो. मराठीत लिहिणे ही एक गोष्ट आणि संगणकाने आपल्याशी मराठीत बोलणे ही दुसरी. लिहिण्याची सोय विंडोजच्या आज विकल्या जाणाऱ्या प्रत्येक आवृत्तीत आहे. भाषांच्या यादीतून मराठी घेतली की कळफलक येतो. (तो घेताना हिंदीचा न घेता मराठीचाच घ्यावा, एवढे मात्र सांगून ठेवतो.) पण ‘फाइल जतन करा’, ‘बंद करा’ अशा सूचना मराठीत दिसायच्या असतील, तर मराठीचा भाषासंच वेगळा उतरवून घ्यावा लागतो. तो इंग्रजीवर चढवायचा असतो, आणि सिंगल लँग्वेजमध्ये तो चढत नाही.

विंडोज ८ आली तेव्हा, म्हणजे २०१२ साली, ही एकभाषी आवृत्ती निघाली. आपल्याकडे दुकानातल्या स्वस्त लॅपटॉपमध्ये बहुधा तीच भरलेली असते. नुसती ‘होम’ किंवा ‘प्रो’ असेल तर ही अडचण येत नाही. घरी आणि शाळेत होम पुरते. प्रोमध्ये जास्तीचे मिळते ते डिस्क कुलूपबंद करण्याची सोय, दुसरीकडे बसून हा संगणक चालवण्याची सोय, कचेरीच्या जाळ्यात जोडणी वगैरे. चौथीच्या वर्गाला त्याचे काय? ‘एज्युकेशन’ हे नाव वाचून शिक्षक मंडळी हुरळतात, पण ती आवृत्ती संस्थांना वेगळ्या परवान्याने मिळते. दुकानातल्या फळीवर ती शोधू नये.

आमच्या भागापुरती एक गोष्ट आम्हाला सर्वांत मोलाची वाटते. होम आणि प्रोमध्ये दर वापरकर्त्याच्या खात्याला वेगळी भाषा देता येते. शाळेच्या एकाच संगणकावर मुलांचे खाते मराठीत, कन्नड शिकवणाऱ्या बाईंचे कन्नडमध्ये आणि कार्यालयाचे इंग्रजीत, असे तिन्ही सुखाने नांदते. कुणाची भाषा कुणावर लादली जात नाही. सत्तर वर्षे जे कागदावर जमले नाही, ते इथे एका बटणावर जमते. पण पावतीवरची दोन अक्षरे तेही हिरावून नेतात.

मेनू मराठीत कशाला, मुले इंग्रजी शिकतीलच की, असे समितीतल्याच काहींनी विचारले. शिकोत ना! पण तिसरीतले मूल पडद्यावरचा प्रश्न न वाचता अंदाजाने ‘यस’ दाबते आणि अर्ध्या तासाचे लिहिलेले घालवून बसते, हे आम्ही वर्गात उभे राहून पाहिले आहे. प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय राज्यांनी करावी, असे सांगणारे कलम ३५० अ १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने आले. पाठ्यपुस्तक मराठी आणि पडदा परका, ही सोय अर्धीच झाली. मराठी मेनूतले काही शब्द अवघड आहेत, हे कबूल. पण अवघड मराठी शब्द मूल शेजारच्याला विचारते. इंग्रजी सूचनेला ते नुसते घाबरते.

दुकानदाराने शेवटी उपाय सुचवला : “पाहिजे तर प्रो टाकून देतो, पैसे नकोत.” हा फुकटचा प्रो चोरीचा असतो. शाळेत तो आम्ही येऊ दिला नाही. सिंगल लँग्वेजवरून प्रोवर रीतसर जाता येते, पण त्याचे पैसे पुन्हा मोजावे लागतात. आम्ही एका लॅपटॉपपुरते मोजले.

उरलेल्या दोहोंवर उबुंटू ही मोफत प्रणाली घातली. तिच्यातही आवृत्ती पाहूनच घ्यावी लागते. २४.०४ म्हणजे २०२४ चा एप्रिल. दर दोन वर्षांनी एप्रिलमध्ये निघणाऱ्या ‘एल. टी. एस.’ आवृत्तीला पाच वर्षे दुरुस्त्या मिळतात, मधल्या आवृत्त्यांना जेमतेम नऊ महिने. नवा आकडा पाहून भुलू नये. मराठी तिच्यात निवडता येते. काही ओळी मात्र अजून इंग्रजीतच दिसतात. सी-डॅकने तयार केलेली ‘बॉस’ ही प्रणालीही मोफत आहे आणि तिच्यातही मराठी आहे. छपाईयंत्र चालते की नाही, हे आधी पाहून घ्यावे. आमचे दुसऱ्या दिवशी चालले.

मुंबई-पुण्याकडून जुने संगणक देणगीत येतात, त्यांनाही हाच मार्ग बरा. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, आणि विंडोज ११ ला टी. पी. एम. २.० ही सुरक्षा-व्यवस्था लागते. ती बऱ्याच जुन्या यंत्रांत नसते.

घरात संगणक असेल तर सेटिंग्ज, मग सिस्टीम, मग अबाउट असे उघडावे. ‘एडिशन’ या शब्दापुढे काय लिहिले आहे, ते वाचावे. नवा घेणार असाल तर हेच दुकानात, यंत्र चालू करून, पैसे देण्यापूर्वी पाहावे, आणि आवृत्तीचे पूर्ण नाव पावतीवर लिहून मागावे. शेजारच्या गावच्या वाचनालयाचे लोक गेल्या महिन्यात खरेदीला निघाले होते. आम्ही त्यांना ‘होम, सिंगल लँग्वेज नको’ एवढे चिठ्ठीवर लिहून दिले. दुसऱ्या दुकानात त्यांना तशी मिळाली.