गंज चढतो तो थंडीत

शिकागो, ऑक्टोबर

अमेरिकेतल्या बहुतेक स्वतंत्र घरांना दोन स्वयंपाकघरं असतात, एक घरात आणि दुसरं मागच्या अंगणात, उघड्या आभाळाखाली. मे महिन्याच्या शेवटच्या सोमवारी मेमोरियल डे येतो आणि सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारी लेबर डे. या दोन सुट्ट्यांच्या मधल्या उन्हाळ्यात हे दुसरं स्वयंपाकघर जोरात चालतं. चार जुलैला, स्वातंत्र्यदिनी, तर गल्लोगल्ली धूर दिसतो. या प्रकारात शिकागोला मान आहे. इथल्या वेबर ब्रदर्स मेटल वर्क्स या पत्राकामाच्या कारखान्यात पाण्यावर तरंगणारे, जहाजांना खूण दाखवणारे धातूचे गोळे बनत. तिथे काम करणाऱ्या जॉर्ज स्टीफन यांनी १९५२ साली असा एक गोळा मधोमध कापला. खालच्या अर्ध्यात कोळसा आणि जाळी ठेवली, वरच्या अर्ध्याचं झाकण केलं, आणि वाऱ्यापावसात विस्तव सांभाळणारं गोल ग्रिल तयार झालं. त्यात जळणाऱ्या कोळशाच्या वड्यांचा धंदा त्याआधीच, १९२० च्या दशकात, हेन्री फोर्ड यांनी मोटारींच्या लाकडी भागांतून उरलेल्या तुकड्यांवर उभा केला होता. उघड्यावर शिजवणं हा या देशाच्या घरगुती जीवनाचा असा जुना आणि मोठा भाग आहे. म्हणूनच एका गोष्टीचं नवल वाटतं. जी वस्तू एवढ्या हौसेनं घेतली जाते, ती तीन-चार वर्षांत बुडाला भोक पडून कचऱ्याच्या गाडीची वाट पाहत रस्त्याकडेला उभी दिसते.

ही ग्रिलं आगीनं मरतात असा सर्वसाधारण समज आहे, आणि तो चुकीचा आहे. विस्तवानं लोखंड झिजतं, वाकतं, पण सावकाश. ग्रिल किती टिकेल हे ते कितीला घेतलं यावर फार थोडं अवलंबून असतं. विस्तव विझल्यानंतर त्यात काय उरलं आणि ते किती दिवस तसंच राहिलं, यावर खरा हिशेब ठरतो. उरतं ते चार प्रकारचं: राख, चरबी, मीठ आणि ओल. यांपैकी राखेकडे कुणाचंच लक्ष जात नाही, कारण ती कोरडी असते तोवर निरुपद्रवी दिसते. पण राखेत क्षार असतात. ती हवेतली ओल धरून ठेवते, आणि ओली झाली की तिचं तिखट अल्कधर्मी पाणी तयार होतं. हे पाणी ॲल्युमिनियमला थेट खातं आणि पोलादाच्या पत्र्याला कायम ओलसर ठेवून गंजवतं. कोळशाच्या ग्रिलचं बूड बाहेरून पावसानं नव्हे, आतून राखेनं जातं. गोल ग्रिलच्या पत्र्यावर काचेसारखा इनॅमलचा थर भाजून चढवलेला असतो. तो शाबूत असेपर्यंत पत्रा सुरक्षित असतो, पण एकदा टवका उडाला की त्या जागेवरून राखेचं काम सुरू होतं. त्यामुळे कोळशाच्या ग्रिलची निगा एका वाक्यात सांगता येते: राख पूर्ण थंड झाली की काढायची, पुढच्या वेळेसाठी ठेवायची नाही. पूर्ण थंड व्हायला मात्र एक रात्र तरी द्यावी लागते, कारण राखेच्या पोटात निखारा फार वेळ जिवंत राहतो आणि घाईनं कचऱ्याच्या डब्यात ओतलेल्या राखेनं घरं पेटलेली आहेत.

चरबीचा प्रश्न निराळा आहे, कारण तिथे ग्रिलच्या आयुष्याबरोबर घराचंही आयुष्य जोडलेलं आहे. मांस भाजताना गळणारी चरबी, पनीर-भाज्यांना लावलेलं तेल, मॅरिनेडमधलं दही, हे सगळं बर्नरवरच्या पत्र्यांवर पडतं आणि तिथून खालच्या ट्रेमध्ये साठतं. इथल्या राष्ट्रीय अग्निसुरक्षा संघटनेच्या, म्हणजे एनएफपीएच्या, आकडेवारीनुसार ग्रिलमुळे घरांना लागणाऱ्या आगी वर्षाला दहा हजारांच्या वर जातात. जुलै हा त्यांचा सर्वांत मोठा महिना, आणि ग्रिल साफ न ठेवणं हे त्यांच्या प्रमुख कारणांपैकी एक. हे समजायला अवघड नाही. महिनाभर साचलेली चरबी एका दिवशी जाळीखाली पेट घेते, ज्वाळा झाकणाबाहेर येतात, आणि ग्रिल तेव्हा लाकडी डेकवर किंवा व्हिनाइलच्या भिंतीला टेकून उभं असतं. अशा वेळी पाणी ओतलं तर जळतं तेल उडून आग पसरते. गॅस बंद करून झाकण लावायचं, एवढंच हातात उरतं. भाजून झाल्यावर ट्रे रिकामा करायला लागणारी दोन मिनिटं या सगळ्यापुढे काहीच नाहीत.

गॅसच्या ग्रिलांत मीठ आणि ओल यांचं राज्य आहे. दुकानात सगळंच 'स्टेनलेस' म्हणून चकाकतं, पण त्यात जात असते. ३०४ क्रमांकाच्या पोलादात साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असतं. स्वस्त ग्रिलांत वापरलं जाणारं ४३० क्रमांकाचं पोलाद जवळपास निकेलशिवायचं असतं आणि त्याला लोहचुंबक घट्ट चिकटतं. दोघांनाही गंजापासून वाचवतो तो क्रोमियमच्या ऑक्साइडचा अदृश्य पापुद्रा. मिठातलं क्लोराइड नेमका तोच भेदतं आणि पत्र्यावर टाचणीच्या टोकाएवढे खड्डे पाडतं. म्हणून क्लोरिनयुक्त द्रावणानं ग्रिल चकचकीत करणारा माणूस त्याचं आयुष्य कमी करत असतो. लोखंडी काथ्यानं घासणारा तर पत्र्यात लोखंडाचे कण रुतवून गंजाचं बी पेरतो. साबणाचं कोमट पाणी, मऊ फडकं, पत्र्याच्या रेषांच्या दिशेनं हात आणि मग कोरडं पुसणं, यापलीकडे काही लागत नाही. बर्नरची गोष्ट थोडी वेगळी. त्याची बारीक छिद्रं चरबीनं किंवा गंजानं बुजतात, आणि हवा-गॅस मिसळणाऱ्या नळीत कोळी घर करतात. ही गंमत नाही. नळीत जाळं झालं की गॅसचा रस्ता अडतो आणि ज्योत मागे फिरून नॉबजवळ पेटू शकते. म्हणून अनेक उत्पादक त्या तोंडावर बारीक जाळी बसवतात. निळी, स्थिर ज्योत म्हणजे नळी मोकळी आहे. पिवळी, फरफरणारी ज्योत दिसली तर बर्नर काढून पाहायचा. रबरी नळी गळते का हे साबणाचा फेस लावून तपासायची रीत आपल्याकडे घरोघरी ठाऊक आहे, इथेही तीच रीत सांगितली जाते.

यावर पहिला आक्षेप चवीचा आहे आणि तो मनापासून घेतला जातो. जाळीवरचा काळा थर म्हणजेच ग्रिलची चव, तो खरवडला की सगळं गेलं, असं मानणारे इथे पुष्कळ आहेत. त्यांच्या म्हणण्यात अर्धं सत्य आहे, आणि ते अर्धं सत्य मराठी घराला समजावून सांगायची गरज नाही. बिडाचा तवा वापरून वापरून तयार होतो. तेलाचा अत्यंत पातळ थर तापून कडक होतो, लोखंडाला धरून बसतो, आणि मग घावन तव्याला चिकटत नाही. बिडाच्या जाळीलाही हाच थर हवा आणि तो साबणानं घासून काढू नये. पण हा थर आणि जळक्या मसाल्याची खपली या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिला गुळगुळीत असतो आणि लोखंडापर्यंत हवा-पाणी पोहोचू देत नाही. दुसरी सच्छिद्र असते, ओल शोषते आणि स्वतःच्या खाली गंज पोसते. झाकणाच्या आतून सोलपटं निघून अन्नावर पडतात, तेव्हा रंग निघाला असं समजून लोक ग्रिल टाकून देतात. बहुतेक वेळा ती धुराची काजळीच असते आणि कोरड्या ब्रशनं निघून जाते. इथे एक जुनी रीत अशी की तापलेल्या जाळीवर काट्याला टोचलेला अर्धा कांदा घासायचा. कांद्याच्या येवल्यात धिरड्याचा तवा कांद्याच्या फोडीनं तेल लावून पुसतात, तीच ही रीत. कांद्याचा रस तापलेल्या लोखंडावर वाफ होतो, खपली सुटते, आणि मागून तेलाचा हात फिरवला की जाळी पुढच्या वेळेला तयार असते.

कांद्याची गोष्ट केवळ हौसेची नाही, कारण जाळी घासायच्या तारेच्या ब्रशाबद्दल इथे खरी काळजी आहे. रोड आयलंडमधल्या एकाच रुग्णालय-समूहात मार्च २०११ ते जून २०१२ या काळात सहा रुग्ण असे आले, ज्यांच्या पोटात किंवा गळ्यात ब्रशाची तुटलेली तार अन्नाबरोबर गेली होती. त्याची नोंद रोग नियंत्रण केंद्राच्या, म्हणजे सीडीसीच्या, साप्ताहिकात झाली. त्यांतल्या काहींच्या आतड्याला भोक पडून शस्त्रक्रिया करावी लागली. पुढे २०१६ साली मिझुरी विद्यापीठातल्या डॉक्टरांनी २००२ पासूनच्या अशा इजांचा अंदाज सोळाशेच्या वर काढला. कोट्यवधी ग्रिलांच्या देशात हा आकडा लहान आहे, हे म्हणणं बरोबर. पण तार जाळीवर दिसत नाही, आणि ज्याच्या घशात अडकली त्याला सरासरीचा उपयोग नसतो. धातूची पट्टी, लाकडी खरवडणी किंवा कांदा चालत असताना झिजलेला तारेचा ब्रश वापरायचं कारणच नाही. वापरायचाच तर नवा असताना, आणि नंतर जाळी ओल्या फडक्यानं पुसून. 'आग सगळं शुद्ध करते' हा दुसरा आक्षेपही इथेच संपतो. पंधरा मिनिटं झाकण लावून ग्रिल पूर्ण तापवलं की जंतू मरतात आणि खपली ठिसूळ होते, हे खरं. पण आग राख उचलून नेत नाही, मीठ नाहीसं करत नाही आणि तुटलेली तार वितळवत नाही.

तिसरा आक्षेप पैशाचा आहे, आणि या देशाची घडण त्यातच दिसते. साधं गॅसचं ग्रिल दोन-अडीचशे डॉलरला मिळतं. दुरुस्ती करणारा माणूस घरी बोलावला तर त्याच्या नुसत्या येण्याचे पैसेच त्या किमतीचा मोठा हिस्सा खाऊन टाकतात. इथे माणसाचे श्रम महाग आणि कारखान्यातली वस्तू स्वस्त. दारावर येणारा कल्हईवाला नाही, चौकात वेल्डिंगचं दुकान नाही, जुन्याचे पैसे देऊन जाणारा भंगारवालाही सहसा नाही. मग दर चार वर्षांनी नवं घेणारा माणूस मूर्ख कसा, असा प्रश्न येतो. तो मूर्ख नाही, पण त्याचा हिशेब अपुरा आहे. दुरुस्ती महाग आहे म्हणूनच निगा स्वस्त ठरते, कारण निगा हे एकच काम असं आहे ज्याला बाहेरचा माणूस लागत नाही. शिवाय ग्रिल एकदम मरत नाही. आधी बर्नर जातो, मग त्यावरचं पत्र्याचं छप्पर, मग ट्रे. हे तिन्ही सुटे मिळतात आणि दोन-चार स्क्रूंत बसतात. काही कंपन्या बर्नरवर दहा वर्षांची हमी देतात. झाकण आणि पेटी शाबूत असेल तर सुटे भाग बदलून ग्रिल पंधरा वर्षं चालू शकतं. पेटीच गंजली तर मात्र सुटे भाग बसवायलाही जागा उरत नाही, आणि पेटी गंजते ती वर सांगितलेल्या चार गोष्टींनी.

मराठी माणसांचा या ग्रिलशी संबंध सार्वजनिक बागांतही येतो. शिकागोचं महाराष्ट्र मंडळ १९६९ चं, आणि उत्तर अमेरिकेचं बृहन्महाराष्ट्र मंडळही १९८१ मध्ये याच शहरात स्थापन झालं. अशा मंडळांच्या उन्हाळी सहली बहुधा सार्वजनिक वनराईत होतात, जिथे जाड पोलादाची, खांबावर रोवलेली ग्रिलं असतात. मक्याची कणसं, पनीर, कोंबडी, सगळं त्यावर भाजलं जातं. शाकाहारी मंडळी जाळीवर ॲल्युमिनियमची फॉइल पसरतात, आणि परक्या जाळीवर ते योग्यच आहे. पण घरच्या गॅसच्या ग्रिलची अख्खी जाळी तशीच झाकली तर उष्णता आत कोंडते आणि नॉब, नळ्या खराब होतात. बागेतली ग्रिलं वर्षानुवर्षं टिकतात ती जाडीमुळे. घरच्या पातळ पत्र्याला तेवढा जाडपणा नसतो, त्याला निगाच लागते. येवला-वैजापूर पट्ट्यातल्या हुरड्याच्या आगटीला यातलं काहीच लागत नाही. जमिनीतला खड्डा आणि गोवऱ्यांचा विस्तव, काम झालं की माती सारली, आणि गंजायला काही उरतच नाही.

आता मुद्दा वेळेचा, कारण या देशाची सवय नेमकी इथे चुकते. इथे ग्रिल साफ होतं ते एप्रिल-मे महिन्यांत, मोसम उघडताना. दुकानांतले ब्रश आणि द्रावणंही तेव्हाच पुढे मांडली जातात. पण शेवटच्या भाजणीनंतर, म्हणजे ऑक्टोबरपासून, राख आणि चरबी तशीच आत असते. वरून मिशिगन सरोवराची ओल, बर्फ, आणि गोठणं-वितळणं यांची पाळी सुरू होते. वसंतात ब्रश हातात घेतला जातो तेव्हा गंजाचं सहा महिन्यांचं काम झालेलं असतं. ग्रिल धुवायचं ते आत्ता: एकदा पूर्ण तापवून, खरवडून, ट्रे आणि राख काढून, जाळीला तेलाचा हात लावून, पूर्ण कोरडं झाल्यावरच आच्छादन घालून. ओल्या ग्रिलवर घातलेलं प्लास्टिकचं आच्छादन ओल आत कोंडतं आणि उघड्या ग्रिलपेक्षा जास्त नुकसान करतं. गॅसचा सिलिंडर घरात किंवा गॅरेजमध्ये न आणता बाहेरच, सरळ उभा, तोंड बंद करून ठेवायचा.

नाशिक-येवल्याकडे गच्चीवर, शेतघरावर जी ग्रिलं आता दिसू लागली आहेत, त्यांचं पंचांग याच्या उलट आहे. तिथली हवा वर्षातले आठ महिने कोरडी असते, आणि अवर्षणाच्या तालुक्यात लोखंड शिकागोपेक्षा सावकाश गंजतं. पण भाजणीचा हंगाम हिवाळ्याचा, आणि त्यानंतर ग्रिल विसरलं जातं ते थेट पावसाळ्यापर्यंत. म्हणून इथे ऑक्टोबरात जे करायचं ते तिथे मे महिन्यात, मृगाच्या आधी उरकायला हवं. आणि गच्चीवर प्लास्टिकखाली गुंडाळून ठेवण्यापेक्षा ग्रिल जिन्याखाली, हवा खेळती असेल अशा कोरड्या जागी, जमिनीपासून दोन विटा उंच ठेवलेलं बरं.