जुने खेळ आणि काचेची नळी

स्टुडिओतील तंत्रज्ञ चित्राची पारख करण्यासाठी सोनीचे जे ‘पीव्हीएम’ मॉनिटर वापरीत, ते आज हौशी मंडळी जुने व्हिडिओ-खेळ खेळण्यासाठी शोधीत फिरतात. हा केवळ गतकाळाचा मोह नव्हे. १९८३ साली जपानात निघालेल्या निन्टेन्डोच्या फॅमिकॉमचे चित्र अवघ्या २४० ओळींचे. नळीतील इलेक्ट्रॉनांचा झोत सेकंदाला सुमारे ६० वेळा त्याच त्या ओळी रेखतो. मधल्या जागा काळ्याच राहतात. चपट्या पडद्याचे पुष्कळ संच मात्र ही आलटूनपालटून येणारी अर्धी चित्रे आहेत असे समजून ती जुळवीत बसतात. त्यामुळे कडा फाटतात, शिवाय कळ दाबल्यापासून उडी दिसेपर्यंत विलंब होतो. तेवढ्यात खेळातला गडी खड्ड्यात!

मग व्यावसायिक मॉनिटर सर्वोत्तम म्हणावा काय? माझ्या मते सरसकट नव्हे. १९९१ च्या ‘सॉनिक द हेजहॉग’मधील धबधबा घ्या. तो उभ्या पट्ट्यांनी रंगविला आहे. घरगुती संचाला एकाच तारेतून रंग व उजळपणा मिसळून येई, तेव्हा पट्ट्या एकमेकींत विरघळत आणि पाणी पारदर्शक भासे. पीव्हीएमला तांबडा, हिरवा, निळा असे निरनिराळे संकेत दिले, की पट्ट्या अगदी मोजून घ्याव्यात इतक्या स्पष्ट होतात आणि पाणी मात्र नाहीसे होते. म्हणून काही जाणते लोक असल्या खेळांपुरती त्याच मॉनिटरला मुद्दाम साधी एकतारी जोडणी देतात.