अंगणातली हरळी

मैत्रिणींनो, ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर सास्तूरला नवी घरं झाली, घरापुढे मोकळी जागा आली. तिथं हिरवळ हवी, तर आधी पाण्याचा हिशेब. आम्ही दोन बाजांएवढाच तुकडा धरतो. काळी माती भिजली की फुगते, वाळली की भेगाळते. म्हणून भिंतीपासून चार हात सोडा, उतार घराबाहेर ठेवा. पाया सांभाळायचा, हिरवळ नंतर.

पाऊस लागला की माती खणा, लव्हाळ्याच्या गाठी वेचा, शेणखत मिसळा. बांधावरची हरळी मुळा-मातीसकट चौकोनी कापून, विटांसारखे सांधे चुकवत लावा, दाबा, लगेच भिजवा. शेतात जिला उपटून दमतो, तिलाच इथं जपायचं! मुळं धरेपर्यंत तिच्यावर बाज टाकू नका. पाऊस ओढला, तर न्हाणीचं पाणी घाला.