विषाशी झुंजणारा ग्रामीण वैद्य

भारतात आकस्मिक वैद्यकशास्त्र ही पदव्युत्तर शाखा म्हणून 2009 मध्ये मान्य झाली. त्याच्या कितीतरी आधी एका मराठी डॉक्टराने विषबाधेच्या उपचारांना आपले आयुष्य वाहिले होते. ते म्हणजे डॉ. हिंमतराव बावस्कर.

जालना जिल्ह्यातील देहेड येथे 1951 मध्ये, गरीब कुटुंबात त्यांचा जन्म झाला. नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातून पदवी घेऊन 1976 मध्ये ते महाडजवळील बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. कोकणात तेव्हा लाल विंचवाच्या दंशाने धडधाकट मुलेही दगावत. डॉक्टरांनी रुग्णांच्या उशाशी रात्री जागून काढल्या. उलट्या, दरदरून घाम आणि थंडगार हातपाय ही हृदयावरील संकटाची पूर्वसूचना आहे, हे त्यांनी टिपले. 1982 मध्ये त्यांची ही निरीक्षणे 'लॅन्सेट' या जगन्मान्य नियतकालिकात प्रसिद्ध झाली.

या विषाने रक्तवाहिन्या आकसतात, हृदय थकते व फुफ्फुसांत पाणी भरते. रक्तवाहिन्या सैलावणारे प्राझोसिन हे रक्तदाबावरील स्वस्त औषध त्यांनी येथे योजिले. सुमारे 40 टक्के असलेले मृत्यूचे प्रमाण 1 टक्क्यापर्यंत उतरले. शहराचा मोह टाळून ते महाडलाच राहिले; पत्नी डॉ. प्रमोदिनी या संशोधनातही सहभागी होत्या. 2022 मध्ये त्यांना पद्मश्री लाभली.

चांदूर बाजारच्या व्यापारी कुटुंबांनी या चरित्रातून काय घ्यावे? आपल्या भागात कापूस व संत्र्यावर फवारणी होते. शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात 2017 च्या हंगामात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर प्राणास मुकले. ऑर्गॅनोफॉस्फरस गटाच्या विषावर ॲट्रोपिन चालते. इतर अनेक कीटकनाशकांवर नेमका उतारा नाही. म्हणून कोणते विष पोटात वा अंगावर गेले, हे डॉक्टरांना तत्काळ कळणे मोलाचे ठरते. विषबाधेची लक्षणे व उपचार डब्याच्या वेष्टनावर वा सोबतच्या पत्रकात छापलेले असतात.

कृषी केंद्राच्या गादीवर बसणाऱ्या श्रावकाने पक्के बिल द्यावे, सुटे औषध बाटलीत ओतून देऊ नये, हातमोजे व मुखपट्टीचा आग्रह धरावा आणि बाधा झाल्यास डबा दवाखान्यात नेण्यास सांगावे. पाणी गाळून पिणाऱ्या, मुंगीलाही जपणाऱ्या आपल्या धर्मात अभयदान श्रेष्ठ मानले आहे. ते दुकानाच्या उंबरठ्यावरही देता येते.