इसापाची लोकप्रियता आणि संहितेचा प्रश्न

ग्रीक वाङ्मयातील ज्या नावाशी मराठी वाचकाचा परिचय बालपणीच होतो, त्या इसापाने स्वतः लिहिलेली एकही ओळ उपलब्ध नाही. ख्रिस्तपूर्व पाचव्या शतकातील हिरोडोटस त्याचा उल्लेख सॅमॉस बेटावरील इॲडमॉनचा गुलाम व कथाकार असा करतो. डेमेट्रिअसने ख्रिस्तपूर्व ३०० च्या सुमारास सिद्ध केलेला कथासंग्रह लुप्त झाला. पेरी यांच्या १९५२ च्या ग्रंथात या परंपरेतील ७२५ कथांना क्रमांक दिलेले आहेत. त्या सर्व एका व्यक्तीच्या असणे अर्थातच शक्य नाही. मूळ संहिता नसताना कीर्ती मात्र टिकली, याची उपपत्ती कशी लावावयाची?

या दृष्टीने होमरशी तुलना उद्बोधक ठरते. होमरचे काव्य छंदाशी व पदावलीशी बांधलेले असल्याने भाषांतरात त्याची हानी होते. इसापाच्या कथेत मोजकी पात्रे, एक प्रसंग व शेवटी एक मार्मिक उद्गार एवढेच असते. हा सांगाडा कोणत्याही भाषेत उभा राहतो. फीड्रसाने इसवी सनाच्या पहिल्या शतकात या कथांना लॅटिन पद्यरूप दिले. कॅक्स्टनने १४८४ मध्ये त्या इंग्रजीत छापल्या. जपानमध्ये जेसुइटांनी १५९३ मध्ये त्या जपानी भाषेत, परंतु रोमन लिपीत प्रसिद्ध केल्या. आणि सदाशिव काशिनाथ छत्रे यांनी इंग्रजीवरून केलेले मराठी भाषांतर १८२८ मध्ये निघाले.

तथापि कथा टिकली म्हणून तिचे प्रयोजनही टिकले असे नव्हे. ॲरिस्टॉटलने वक्तृत्वावरील ग्रंथात एक प्रसंग दिला आहे. सॅमॉस येथे एका लोकनायकावर देहदंडाचा खटला चालू असता इसापाने सभेला एक कथा सांगितली. कपारीत अडकलेल्या कोल्ह्याच्या अंगावरील गोचिडी काढण्याची तयारी दुसऱ्या प्राण्याने दाखविली. तेव्हा कोल्हा उत्तरला, या तृप्त झाल्या आहेत, या गेल्यास भुकेल्या येतील व उरलेले रक्त शोषतील. लोकनायकाच्या जागी येणारे निर्धन लोक खजिना रिता करतील, हा त्यातील इशारा होता. येथे कथा हे प्रौढांच्या राजकीय युक्तिवादाचे साधन आहे. फीड्रसाच्या मते तर उघड बोलण्याची सोय नसलेल्या गुलामानेच या कथाप्रकाराचा आश्रय घेतला.

मराठीने या कथांना 'इसापनीती' हे नाव देऊन त्यांस विदुरनीती, शुक्रनीती यांच्या पंक्तीत बसविले. 'नीती' या शब्दात राज्यव्यवहार व सदाचार हे दोन्ही अर्थ आहेत. पाठ्यपुस्तकांत दुसराच प्रबळ ठरला. कथेअखेरचे तात्पर्य संग्रहागणिक बदलत आले आहे, हे येथे ध्यानात ठेवावयास हवे. यास्तव अभ्यासकाने तात्पर्य बाजूस ठेवून प्रथम कथा वाचावी, आणि ती कोणी, कोणापुढे व कोणत्या प्रसंगी सांगितली असेल, हा प्रश्न विचारावा. बालवाङ्मय म्हणून परिचित असलेल्या या कथांतील दुर्बळाचा आवाज त्यानंतरच ऐकू येतो.